शिवी कशाला म्हणावे?

समजा, खाप्याच्या बाजारात दोन जुने मित्र भेटले. एक म्हणाला, "काय बे, कुठं जाऊन राह्यला?" दुसरा हसला आणि म्हणाला, "तुलेच शोधून राह्यलो ना बे!" दोघांनी चहा घेतला आणि आपापल्या वाटेने गेले. कोणाला काही वाईट वाटले नाही.

थोड्या वेळाने त्याच बाजारात एका पोरसवदा मुलाने एका म्हाताऱ्या विणकराला हटकले, "काय बे, सरक ना बाजूले!" म्हातारा जागीच उभा राहिला. आजूबाजूचे लोकही थांबले. एक जण पुढे होऊन मुलाला म्हणाला, "काहून रे, बापाच्या वयाच्या माणसाले 'बे' म्हन्ते?"

शब्द एकच, 'बे'. पहिल्या वेळी तो मैत्रीचा होता. दुसऱ्या वेळी त्याने म्हाताऱ्या माणसाचा अपमान झाला. मग 'बे' ही शिवी आहे की नाही?

प्रश्न लहान दिसतो, पण याच प्रश्नावरून भांडणे होतात. "मी शिवी दिलीच नाही, माझी बोलायची रीतच तशी आहे," असे एक म्हणतो. "त्याने मला चारचौघांत शिवी दिली," असे दुसरा म्हणतो. दोघेही खरे बोलत असतील. अशा वेळी निवाडा कसा करावा, ते आज आपण पाहू.

गावोगावची बोली वेगळी

आपल्या नागपूरकडे मुलांना 'पोट्टे' म्हणतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना 'बुढा', 'बुढी' म्हणतात. त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. पण पुण्याकडचा माणूस हे पहिल्यांदा ऐकतो तेव्हा दचकतो. त्याला वाटते, हे लोक आईबापांविषयी असे काय बोलतात? उलट कोकणातली आजी नातवाला लाडाने 'मेल्या' म्हणते. तोच शब्द आपल्याकडे कोणी ऐकला, तर म्हणेल, "बाप्पा! पोराच्या मरणाचं काहून बोलून राह्यली ही?"

म्हणजे नुसता शब्द पाहून शिवी ओळखता येत नाही. शब्द कोण बोलला, कोणाला बोलला, कोठे बोलला आणि कोणत्या हेतूने बोलला, हे पाहावे लागते.

काही लोक म्हणतात, "सोपे आहे. वाईट शब्दांची यादी करा. यादीतला शब्द बोलला की दंड." पण यादीने काम होत नाही. कारण यादीत नसलेल्या शब्दानेही माणसाचा अपमान करता येतो. 'महाराज' हा किती मानाचा शब्द! पण उपहासाने "या महाराज!" म्हटले तर तो बोचतो. आणि यादीतला शब्दही कधी कधी निर्दोष असतो. समजा, एका बाईला कोणी घाण शिवी दिली. ती तक्रार घेऊन पंचांकडे आली. पंचांनी विचारले, "तो काय म्हणाला?" तिने ते शब्द जसेच्या तसे सांगितले. तिने शिवी दिली काय? नाही. तिने आपल्यावर काय गुदरले ते सांगितले. नुसती यादी हातात धरली, तर तक्रार करणारीलाच दंड व्हायचा!

सौंदाळा गावाचा ठराव

आता एका गावाची खरी हकीकत ऐका.

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, नेवासे तालुका आहे. त्या तालुक्यात सौंदाळा नावाचे गाव आहे. वस्ती सुमारे अठराशे. तंटामुक्त गावाचे बक्षीस या गावाने पूर्वीच मिळवले होते. नवरा वारला म्हणून बाईचे कुंकू पुसायचे नाही, मंगळसूत्र तोडायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, असेही या गावाने ठरवले होते.

२८ नोव्हेंबर २०२४ रोजी सौंदाळ्याची ग्रामसभा भरली. तेव्हा श्री. शरद आरगडे हे सरपंच होते. त्या सभेत ठराव झाला की, यापुढे गावात आईबहिणीवरून शिवी द्यायची नाही. जो देईल त्याला ५०० रुपये दंड.

या ठरावामागचा विचार नीट समजून घ्या. दोन पुरुष बांधावरून भांडतात. भांडण जमिनीचे असते. आईचा त्यात काही संबंध नसतो. ती बिचारी घरी भाकरी थापत असते. बहीण तर सासरी असते. तिला भांडणाची वार्ताही नसते. तरी पहिला वार त्यांच्यावर होतो. जिने काही केले नाही, जी तिथे हजरही नाही, तिची अब्रू चव्हाट्यावर येते. आणि शिवी देणाऱ्याच्या घरीही आई असते, बहीण असते, लेक असते. तो जे बोलतो ते त्या बायकांनाही लागू पडते, हे तो विसरतो.

सौंदाळ्याच्या ठरावाचा एक गुण आपण घेण्यासारखा आहे. 'वाईट बोलू नये' असा मोघम नियम गावाने केला नाही. मोघम नियमात वाटेल तो शब्द बसवता येतो. मग ज्याच्या हाती सत्ता, तो म्हणेल ती शिवी! सौंदाळ्याने एक प्रकार नेमका धरला. आईबहिणीच्या नावाने बोललेली शिवी कोणती, हे गावातल्या लहान पोरालाही कळते. त्यावर वाद घालायला जागा थोडी उरते.

जातीवरून बोललेला शब्द

दुसरा प्रकार याहून गंभीर आहे. तो म्हणजे जातीवरून हिणवणे.

येथे एक घोटाळा होतो. कोणी म्हणतो, "मी तर फक्त त्याची जात बोललो. ती त्याच्या दाखल्यावर लिहिलेली आहे. मग ती शिवी कशी?" याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका खटल्यात दिले आहे. शब्दाचा मूळ अर्थ काय होता, एवढेच पाहून चालत नाही. आज लोक तो शब्द कशासाठी वापरतात, ते पाहिले पाहिजे. दाखल्यावर लिहिलेली जात ही माहिती असते. तोच शब्द भांडणात तोंडावर फेकला, की तो अपमान होतो. दाखला देणाऱ्या कारकुनाला जात लिहावी लागते. विहिरीवर भांडणाऱ्याला ती बोलण्याचे काय कारण?

कधी कधी तर एखाद्या समाजाचे नावच शिवी होऊन बसते आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. लबाड माणसाला आपण सहज 'भामटा' म्हणतो. पण भामटा हे एका समाजाचे नाव आहे. आपल्या राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत ते आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली एक कायदा केला आणि कित्येक जमातींवर 'जन्मानेच गुन्हेगार' असा शिक्का मारला. आपण स्वतंत्र झाल्यावर १९५२ साली तो कायदा रद्द झाला. कायदा गेला, पण जिभेवरचा शब्द गेला नाही. त्या समाजातला शाळकरी मुलगा वर्गात तो शब्द ऐकतो, तेव्हा त्याला काय वाटत असेल?

वस्त्यांच्या नावांचेही असेच झाले. गावोगाव वस्त्यांना जातींची नावे होती. पिढ्यान् पिढ्या लोक ती घेत आले. घेणाऱ्याला त्यात काही वाटत नव्हते. पण ज्याला रोज तो पत्ता सांगावा लागे, त्याला वाटत होते. शेवटी डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने अशी नावे बदलण्याचा निर्णय घेतला. त्यांच्या जागी समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावीत असे ठरले.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्या. शब्द लागतो की नाही, हे बोलणाऱ्याला विचारून कळत नाही. ज्याला तो लागतो, त्याला आधी विचारावे. काटा कोणाच्या पायात आहे, ते पायाच्या धन्यालाच ठाऊक!

तिसरा प्रकार म्हणजे माणसाच्या दुःखावर बोट ठेवणे. मूल नसलेल्या बाईला 'वांझ' म्हणणे, नवरा गेलेल्या बाईला 'पांढऱ्या पायाची' म्हणणे, डोळ्यांनी अधू असलेल्याला 'आंधळ्या' म्हणून हाक मारणे. हे शब्द शिव्यांच्या यादीत कोणी घालत नाही. काही बायामाणसे तर ते सहज बोलून जातात. पण हे घाव शिवीपेक्षा खोल असतात, कारण ज्याला ते बसतात त्याचा स्वतःचा काहीच दोष नसतो.

कायदा काय म्हणतो?

शिवीविषयी देशाचा कायदाही आहे. त्यातल्या चार गोष्टी प्रत्येकाला माहीत असाव्यात.

एक. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या ३५२ व्या कलमाप्रमाणे, समोरचा माणूस चिडून शांतता मोडेल अशा हेतूने, किंवा तसे होईल हे माहीत असून, त्याचा मुद्दाम अपमान करणे हा गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही.

दोन. बाईच्या अब्रूला धक्का लावण्याच्या हेतूने शब्द बोलणे किंवा हावभाव करणे हा ७९ व्या कलमाप्रमाणे गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत साधी कैद आणि दंड.

तीन. अनुसूचित जाती व जमाती यांच्यावरील अत्याचार रोखण्यासाठी १९८९ साली कायदा झाला. या जातीजमातींबाहेरच्या कोणी त्यांच्यातील माणसाला लोकांच्या देखत जातीवरून शिवीगाळ केली, तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. 'लोकांच्या देखत' हे शब्द महत्त्वाचे आहेत. घराच्या चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना बोललेला शब्द या कलमात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले. पण रस्ता, बाजार, विहीर या लोकांच्या देखतच्या जागा आहेत.

चार. अपंग माणसाची लोकांच्या देखत मुद्दाम मानहानी करणे हाही २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे.

आणखी एक सांगायचे म्हणजे, प्रत्येक घाण शब्द कायद्याने 'अश्लील' ठरत नाही. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका मालिकेच्या खटल्यात हे स्पष्ट केले. शब्द शिवराळ आहे, कानाला वाईट लागतो, एवढ्यावरून त्याला अश्लील म्हणता येत नाही. म्हणजे न्यायालयेही नुसत्या शब्दावर जात नाहीत. प्रसंग पाहतात.

गावचा ठराव आणि देशाचा कायदा यांतला फरकही ओळखा. ठराव म्हणजे गावाने एकमेकांना दिलेला शब्द. त्याचे बळ गावाच्या एकीत आहे. पण जातीवरून शिवीगाळ झाली असेल, तर ५०० रुपये घेऊन ती गावात मिटवायची नसते. ती तक्रार पोलीस ठाण्यात गेली पाहिजे. "गावची गोष्ट गावातच राहू द्या" असे म्हणून दुबळ्याचे तोंड बंद करणे हा न्याय नव्हे.

कोणती गोष्ट शिवी नव्हे?

शिवी कोणती हे पाहिले. शिवी कोणती नाही, हेही पाहिले पाहिजे. नाहीतर चांगल्या नियमाचा वाईट उपयोग होतो.

आपल्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली ही रीत आहे. काळी मारबत आणि पिवळी मारबत यांच्या मिरवणुकीत बडगेही असतात. बडग्यांच्या अंगावर पाट्या असतात. महागाई, लाचलुचपत, भ्रष्टाचार यांच्या नावाने लोक ओरडतात. रोगराई आणि पीडा घेऊन जा, म्हणतात. हे ओरडणे शिवीगाळ नव्हे. लोकांच्या मनातला राग त्या दिवशी मोकळा होतो.

सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात तर आणखी नवल आहे. सुखेड आणि बोरी ही दोन शेजारची गावे. मधून ओढा वाहतो. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर जमतात. वाजंत्री वाजते. बायका हातवारे करून एकमेकींना भरपूर शिव्या देतात. याला 'बोरीचा बार' म्हणतात. पाहायला लांबून लोक येतात. तेथे दिवस ठरलेला आहे, जागा ठरलेली आहे आणि दोन्ही बाजू राजीखुशीने आलेल्या आहेत. म्हणून तो खेळ आहे. त्यातलाच एक शब्द दुसऱ्या दिवशी एखाद्या बाईला वाटेत गाठून बोलला, तर तो खेळ राहणार नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. टीका म्हणजे शिवी नव्हे.

समजा, सभेत एक बाई उठून म्हणाली, "नळाच्या कामाचा हिशेब दाखवा. पैसे कुठं गेले?" पुढारी रागावून म्हणाला, "ही माझी बदनामी करते. हिला दंड करा." त्या बाईने शिवी दिली काय? मुळीच नाही. तिचा सूर चढा असेल. बोलणे तिखट असेल. पण तिने कामावर बोट ठेवले. आईवर नाही, जातीवर नाही, अंगावर नाही. हिशेब मागणे हा तिचा हक्क आहे. शिवीबंदीच्या नावाखाली असा प्रश्न दाबला, तर तो नियम गावाच्या मुळावर येईल. ही खूण लक्षात ठेवा. माणसाने केलेल्या कामावर बोलणे ही टीका. माणसाच्या जन्मावर, घरच्या बायकांवर, देहाच्या उणेपणावर बोलणे ही शिवी.

नियम करायचा तर कसा करावा?

खाप्याला नगरपरिषद आहे. त्यामुळे येथे ग्रामसभा भरत नाही. पण आजूबाजूच्या खेड्यांत ग्रामसभा आहेत. खाप्यातही मोहल्ला आहे, बचत गट आहेत, भजनी मंडळ आहे, विणकरांची बैठक आहे. जेथे चार माणसे जमतात, तेथे बोलण्याचा नियम करता येतो. तो करताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, नियम सर्वांसमोर करावा आणि आधी सांगावा. आज बोललेल्या शब्दाला उद्याच्या नियमाने दंड करू नये.

दुसरी गोष्ट, नियम करताना बायका आणि सर्व वस्त्यांतली माणसे हजर पाहिजेत. ज्यांना शिव्या ऐकाव्या लागतात, त्यांनाच कोणता शब्द कोठे लागतो ते ठाऊक असते. फक्त पुरुषांनी किंवा एकाच आळीने बसून नियम केला, तर तो अर्धा राहील.

तिसरी गोष्ट, नियम थोडा आणि नेमका असावा. कोणत्या प्रकारचे बोलणे चालणार नाही, ते साध्या शब्दांत लिहावे.

चौथी गोष्ट, दोन्ही बाजू ऐकाव्यात. शब्द चुकून गेला की मुद्दाम, बोलीचा फरक होता की डिवचण्याचा हेतू, हे विचारावे. परगावचा माणूस असेल तर पहिल्या वेळी समजावून सांगावे. समजावल्यावरही तो तेच बोलला, तर मग बोलीचे कारण चालणार नाही.

पाचवी गोष्ट, नियम सर्वांना सारखा पाहिजे. गरिबाच्या पोराने शिवी दिली तर दंड, आणि पाटलाच्या पोराने दिली तर "जाऊ द्या, लहान आहे," असे झाले की नियम मेला म्हणून समजा.

लिहिलेला शब्द

वाचक बंधूंनो आणि भगिनींनो, तुम्ही आता अक्षरे शिकला आहात. म्हणून एक गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगायची आहे.

बोललेला शब्द हवेत जातो. काही दिवसांनी लोक विसरतात. लिहिलेला शब्द राहतो. भिंतीवर कोळशाने लिहिलेली एक ओळ येणारा-जाणारा प्रत्येक जण वाचतो. जिच्याविषयी ती लिहिली असेल, तिला रोज त्याच भिंतीवरून पाण्याला जावे लागते. मोबाईलवर लिहिलेला शब्द तर घडीभरात शंभर घरी पोचतो. परत घ्यायचा म्हटला, तरी सगळीकडून परत येत नाही.

पूर्वी अशी ओळ भिंतीवर दिसली की तुम्ही दुसऱ्याला विचारत होता, "काय लिहिलं आहे हो?" आता तुम्हीच ती वाचू शकता. तशी ओळ दिसली, तर ती पुसणारा पहिला हात तुमचा असू द्या. आणि पोलिसांकडे किंवा सभेकडे तक्रार लिहायची वेळ आली, तर ती लिहायलाही आता दुसऱ्याची गरज नाही.

बाजारातल्या त्या मुलाचे पुढे काय झाले असेल? समजा, तो म्हाताऱ्याजवळ गेला आणि म्हणाला, "चुकलं आजोबा. तोंडात बसलेला शब्द होता." म्हातारा बहुधा म्हणाला असता, "तुया दोस्ताले म्हन ना बाप्पा, मले नको म्हनू." झाला की निवाडा! दंड नाही, भांडण नाही. शब्द कोणाला लागला ते म्हाताऱ्याने सांगितले आणि मुलाने ते ऐकून घेतले.

विचार करा आणि आपसांत बोला

१. तुमच्या गावात सहज बोलला जाणारा, पण परगावी अपमानाचा वाटेल असा एखादा शब्द आहे काय?

२. सौंदाळ्याच्या ग्रामसभेने कोणत्या प्रकारच्या शिवीला बंदी केली? तोच प्रकार का निवडला असेल?

३. टीका आणि शिवी यांत फरक काय? तुमच्या मोहल्ल्यातले एक एक उदाहरण सांगा.

४. तुमच्या बैठकीत बोलण्याचा नियम करायचा झाला, तर सर्वांत आधी कोणाला विचाराल?